जुन्या फटफटीचे बेरिंग निवडताना

खेड्यात अजूनही एखाद्या पडवीत पोत्याखाली झाकलेली जुनी फटफटी दिसते. कुणाची राजदूत, कुणाची बुलेट, कुणाची जावा नाहीतर येझदी. घरातल्या मुलाला वाटते, ही पुन्हा चालू करावी. इंजिन उघडले जाते. मिस्त्री सांगतो, "क्रँकची बेरिंगे गेलीत, नवी आणा." मग तुम्ही जुने बेरिंग पिशवीत घालून तालुक्याला जाता आणि दुकानदार मापाला माप लावून नवे देतो. काम झाले असे वाटते. पण मापाला बसले म्हणजे कामाला बसले, असे मात्र नाही. का नाही, ते आज पाहू.

पिस्टन वरखाली होतो. त्या हालचालीचे फिरणे करतो तो क्रँक. बैलगाडीचे चाक आसावर सावकाश फिरते आणि वंगण घातले की भागते. क्रँक मात्र मिनिटाला ३००० फेरे सहज घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. शिवाय प्रत्येक स्फोटाचा धक्का त्याला सोसावा लागतो. हा सारा भार दोन बाजूंची बेरिंगे उचलतात. आत एक कडी, बाहेर एक कडी, मध्ये पोलादी गोळ्या आणि त्या गोळ्यांना अंतराने धरणारा पिंजरा, एवढीच त्यांची रचना.

बेरिंग चुकीचे पडले तर काय होते? ते तापून अडकले, तर धावत्या गाडीचे मागचे चाक एकदम जखडू शकते. अशा वेळी आधी क्लच दाबावा, नाहीतर स्वार पडतो. दुसरे नुकसान हळूहळू होते. बाहेरची कडी केसिंगमध्येच फिरू लागते आणि केसिंगचे भोक खाऊन टाकते. बेरिंग बाजारात मिळते हो, पण केसिंगचे काय? मैसूरच्या ज्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनली, तो १९९६ साली बंद झाला. तेव्हा जुन्या इंजिनात खरी जपायची वस्तू केसिंग आहे, हे आधी मनाशी धरा.

आता बेरिंगवरचा क्रमांक वाचायला शिकू. समजा, कडीवर ६३०५ असे कोरले आहे. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचे गोळ्यांचे बेरिंग. पुढचा ३ त्याची जडण दाखवतो. २ असता तर तेच बेरिंग हलके असते. शेवटच्या ०५ ला ५ ने गुणा. २५ मिलिमीटर हे आतल्या भोकाचे माप झाले. (०४ पासून पुढे हा हिशेब चालतो.) बाहेरचा व्यास ६२ आणि रुंदी १७ मिलिमीटर. शिक्षकांनी शाळेतला व्हर्नियर काढून मुलांकडून ही मापे घ्यायला लावावीत. गणिताचा तास मजेत जाईल.

पण आता गंमत पाहा. एनयू ३०५ या बेरिंगची तिन्ही मापे अगदी हीच आहेत, आणि तरी त्यात गोळ्यांऐवजी रूळ असतात. रूळ आडवा भार अधिक पेलतात. पण क्रँकला डावीउजवीकडे सरकण्यापासून ते अडवीत नाहीत. ते काम गोळ्यांचे बेरिंग करते. म्हणून काही इंजिनांत एका बाजूला गोळ्या आणि दुसऱ्या बाजूला रूळ असतात. "रूळ मजबूत, दोन्हीकडे तेच घाला" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जेथे जे होते तेथे तेच घाला.

याहून महत्त्वाची खूण क्रमांकाच्या शेवटी असते, आणि तीच बहुधा वाचली जात नाही. ती म्हणजे सी३. गोळ्या आणि कड्या यांच्यामध्ये अगदी बारीक मोकळीक ठेवलेली असते. २५ मिलिमीटर भोकाच्या साध्या बेरिंगात ती ५ ते २० मायक्रॉन असते. सी३ मध्ये १३ ते २८. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. व्हर्नियरला हा फरक कळायचा नाही. तो फक्त त्या अक्षरावरून कळतो.

ही जादा मोकळीक कशासाठी? पुष्कळ फटफट्यांचे केसिंग अॅल्युमिनियमचे आणि बेरिंग पोलादाचे. उष्णतेने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. तापमान ८० अंशांनी वाढले तर ६२ मिलिमीटरचे भोक सुमारे ११४ मायक्रॉन फुगेल आणि बेरिंग सुमारे ६०. म्हणजे गरम इंजिनात पकड ढिली होणार. ती पुरावी म्हणून थंडपणी बेरिंग दाबूनच बसवतात. त्या दाबाने बाहेरची कडी आवळते, क्रँकवर दाबलेली आतली कडी फुगते, आणि मधली मोकळीक दोन्हीकडून खाल्ली जाते. सी३ मध्ये ती पुरून उरते. साध्या बेरिंगात ती संपून गोळ्या आवळल्या जाऊ शकतात.

दुकानात मात्र उलटे घडते. सी३ बेरिंग हातात किंचित खुळखुळते. साधे घट्ट लागते. गिऱ्हाईक खुळखुळणारे परत करते आणि घट्ट ते चांगले म्हणून घेऊन येते! हातातली घट्टपणाची परीक्षा येथे उपयोगाची नाही.

तिसरी गोष्ट, रबरी झाकणाचे बेरिंग. धूळ जाणार नाही म्हणून ते बरे वाटते. पण जुन्या दोन-धावी इंजिनांत पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच बहुधा बेरिंगाला वंगण पुरवते. झाकण असले तर ते आत जायचे कसे? जेथे उघडे बेरिंग होते तेथे उघडेच घाला. गळती रोखायला ऑइल सील वेगळे असते, ते त्याच वेळी नवे बसवा. आणि गाडी जुनी इंग्रजी असेल तर बेरिंग इंची मापाचे असू शकते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, कानस मारून २५ चे त्यावर चढवू नका.

एक सावधगिरी. जुन्या बेरिंगवरचा क्रमांक मागच्या मिस्त्रीच्या सोयीचाही असू शकतो. म्हणून कारखान्याचे पार्ट्सचे पुस्तक मिळाले तर आधी ते पाहा. माल पावती देणाऱ्या खात्रीच्या दुकानातूनच घ्या. नामांकित छापाचा नकली माल बाजारात असतो, आणि फारच स्वस्त मिळाले तर शंका घ्यावी.

बसवताना केसिंग सर्व बाजूंनी सारखे, सुमारे १०० अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा थेंब टाकताच चुरचुरून उडाला की समजावे, झाले. मग थंड बेरिंग फारसा जोर न लावता आत उतरते. दाबावे लागलेच तर बाहेरच्या कडीवर दाबा. आतल्या कडीवर हातोडी मारली की गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. भोक सैल झाले असेल तर पंचाचे ठोके मारून भागवू नका. चांगल्या लेथवाल्याकडून आत बुश बसवून घ्या.

शेवटी एवढे करा. बसवलेल्या बेरिंगचा क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, तारीख घालून गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. पुढे जो कोणी ते इंजिन उघडील, त्याला अंदाजाने चालावे लागणार नाही.