लग्न न झालेल्या दोघांचं घर आणि आयुर्विमा

मागच्या वेळी गृहकर्जावर बोलून झालं तेव्हा आमच्या हातात एक चिठ्ठी आली. नाव नव्हतं. 'लग्न झालेलं नाही, दोघं मिळून फ्लॅट घेतोय, विमा कोणी कसा काढायचा?' एवढंच. जालन्यात हे उभं राहून विचारणं सोपं नाही, आम्हाला कळतं. पण स्टीलच्या कारखान्यांत, बियाण्यांच्या कंपन्यांत बाहेरगावाहून आलेली तरुण मंडळी आहेत. कुणाचं जातीवरून घरी अडलंय, कुणाचा घटस्फोट कोर्टात आहे. तेव्हा आज तेच घेऊ.

समजा अंबड रोडला फ्लॅट घेतला, खरेदीखतावर दोघांची नावं, निम्मा-निम्मा हिस्सा, कर्ज ३० लाख. दोन वर्षांनी तो अपघातात गेला. आता बघा काय होतं. बँकेच्या दृष्टीने दोघंही पूर्ण कर्जाचे देणेकरी, म्हणून राहिलेला सगळा हप्ता तिच्यावर. आणि त्याचा निम्मा हिस्सा? हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसलेल्या अविवाहित, निपुत्रिक मुलाची पहिली वारस त्याची आई. वडीलसुद्धा त्यानंतर येतात. (ती गेली असती, तर तिचा हिस्सा तिच्या आई-वडिलांकडे गेला असता.) जोडीदाराचं नाव वारसांच्या यादीत कुठेच नाही, मग दहा वर्षं एकत्र राहिलेले असोत. म्हणजे कर्ज पूर्ण, घर अर्धं.

मग लोक म्हणतात, विम्यात नॉमिनी लावला की झालं. इथेच गल्लत होते. १९८३ साली सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी म्हणजे पैसे घेणारा हात, मालक वारसच. २०१५ मध्ये विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये दुरुस्ती झाली आणि आई-वडील, पती-पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच हक्काची, अशी तरतूद आली. जोडीदार त्यात बसत नाही. कंपनी चेक तिच्या नावाने देईल, पण त्याची आई कोर्टात गेली तर तो पैसा मागू शकते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेण्याचा मार्गही इथे बंद, कारण त्यात पत्नी आणि मुलंच येतात.

मग करायचं काय? प्रत्येकाने स्वतःच्याच जिवावर साधा टर्म प्लॅन घ्यावा. दुसऱ्याच्या जिवावर पॉलिसी काढायला गेलात तर कंपनी नातं विचारते आणि तिथेच अडतं. रक्कम आपल्या निम्म्या हिश्शाएवढी नको, पूर्ण कर्जाएवढी हवी, कारण मागे राहणाऱ्याकडे बँक पूर्णच मागणार. नॉमिनी जोडीदार ठेवा आणि त्याचबरोबर मृत्युपत्रात दोन गोष्टी लिहा: विम्याची रक्कम तिला किंवा त्याला, आणि घराचा हिस्साही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. पण केलेली बरी. ज्याला मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. नोकरी लागली तेव्हा काढलेल्या जुन्या पॉलिसीवर बहुतेकांचा नॉमिनी आई असते. ती तशीच राहू द्यायला आमची हरकत नाही. आईचाही हक्क आहेच ना. घरासाठीची पॉलिसी वेगळी असू द्या.

बँकेत कर्जासोबत विमा पुढे करतात. तो सक्तीचा नाही. त्यात बहुधा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवतात, त्यावरही व्याज लागतं, आणि विम्याची रक्कम कर्जाबरोबर घटत जाते. घेतलाच तर दोघांचाही जीव त्यात आहे का, हे कागदावर वाचून घ्या. पुष्कळदा पहिल्या अर्जदाराचाच असतो. आणि हे लक्षात ठेवा की त्यातून कर्ज फिटेल, पण त्याचा निम्मा हिस्सा तरीही आईकडेच जाईल. मृत्युपत्राशिवाय तो प्रश्न सुटत नाही.

फॉर्मवर नातं 'पत्नी' लिहू नका. एजंट म्हणेल, कोण बघतंय? पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीवरून कंपनी दावा नाकारू शकते.

आणि ज्यांचा घटस्फोट अजून कोर्टात आहे, त्यांच्यासाठी एक: निकाल लागेपर्यंत कायद्याने ते नातं उभंच आहे. पहिल्या वारसांत ती पत्नी येते. मृत्युपत्र तुम्ही आधी करा, फ्लॅटचं टोकन नंतर द्या.