गाय गवत पचवत नाही

गवत पचवणारा खास पाचकरस गाईच्या पोटात असतो, असे आपण शाळेपासून धरून चालतो. पण सेल्युलोज तोडणारे विकर गाईचे शरीर बनवतच नाही. त्या बाबतीत ती आणि आपण सारखेच. हे काम तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पहिल्या पोटातले, सूक्ष्मजीव करतात आणि त्यांतला एक पट्टीचा गडी म्हणजे फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनिस. ऑक्सिजनमध्ये तो वाढत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी हवा लागू न देता जिवाणू वाढवण्याची पद्धत बसवली, तेव्हा कुठे तो हाती आला. १९५० मध्ये त्यांनी त्याला बॅक्टेरॉइड्सच्या गोतात घातले होते. १९८८ मध्ये त्याचे घराणे वेगळे ठरले.

मग तो गवताची साखर करून गाईला देतो का? तसेही नाही. तो कडब्याच्या धाग्याला घट्ट चिकटतो, धागा फोडतो आणि सुटलेली साखर बहुतेक स्वतःच खातो. गाईला मिळतात ती त्याने बाहेर टाकलेली आम्ले. त्यांतले सक्सिनिक आम्ल दुसरे जिवाणू उचलतात आणि त्याचे प्रोपिऑनिक आम्ल करतात. ते कोठीपोटाच्या अस्तरातून रक्तात जाते, आणि यकृत त्यापासून ग्लुकोज घडवते. दुधातली साखर येते ती बरीचशी या आडवळणाने. शिवाय हे जिवाणू चाऱ्याबरोबर पुढे वाहत जातात आणि चौथ्या पोटापासून पुढे स्वतःच पचतात. गाईला लागणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यांच्या देहांतून येतो, म्हणजे आपली शाकाहारी गाय तशी रोज जिवाणू खाऊन जगते.

लग्नातला उरलेला भात, पोळ्या, जिलेबी गाईला घातली की पुण्य आणि पोषण दोन्ही, हा समज मात्र जिवावर बेततो. पिष्ट आणि साखर भराभर आंबते, लॅक्टिक आम्ल साठते, कोठीपोटाचा सामू कोसळतो. सामू ६ च्या खाली गेला की सेल्युलोज फोडणाऱ्यांचे काम जवळजवळ थांबते. जनावर रवंथ सोडते, चारा टाकते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर दगावते.

गाईच्या मिथेनचे खापरही फायब्रोबॅक्टरवर फोडू नये. तो वायू आर्किया नावाचे वेगळे सूक्ष्मजीव करतात, आणि त्याचा बहुतांश भाग ढेकरेवाटे तोंडातून बाहेर पडतो, मागून नव्हे.

माणसाच्या आतड्यात सेल्युलोज फोडणारे कोणीच नाही, हेही खरे नाही. मानवी विष्ठेतून मिळालेल्या रुमिनोकॉकस शँपेनेलेन्सिसचे वर्णन २०१२ मध्ये झाले. २०२४ च्या एका अभ्यासात असे जिवाणू शिकारी-संग्राहक आणि ग्रामीण समाजांत अधिक, तर शहरी औद्योगिक समाजांत विरळ आढळले. तरी कोंडा खाऊन आपले पोट भरणार नाही. आपल्याकडे हे काम मोठ्या आतड्यात, अन्नाच्या प्रवासाच्या शेवटी आणि थोडक्यात उरकते. गाईकडे ते सुरुवातीलाच, शंभराहून अधिक लिटरच्या कोठीपोटात, निवांत चालते.