ज्यांचा अर्जच आला नाही

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. राधानगरी तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. बारावी वाणिज्य, गुण चांगले, कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिलीच. तिला बी.सी.ए.ला जायचे होते. मी विचारले, ‘‘सीईटी दिलीस का?’’ तिने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, ‘‘ते काय असतंय, सर?’’

प्रवेशाच्या बदललेल्या नियमांचा खरा परिणाम या प्रश्नात आहे. म्हणून तो नीट उलगडून पाहिला पाहिजे.

बी.बी.ए., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम पूर्वी विद्यापीठाच्या कक्षेत होते आणि बहुतेक महाविद्यालये बारावीच्या गुणांवर प्रवेश देत. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ते आपल्या मान्यतेखाली घेतले. त्याबरोबर महाराष्ट्रात सामायिक प्रवेश परीक्षा आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रिया आली. दर्जा एकसारखा राहावा, प्रवेश पारदर्शक व्हावेत, असे त्यामागचे समर्थन. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. जुनी पद्धत सोवळी होती असेही नाही. बारावीच्या गुणांवरही शिकवणीच्या पैशाची छाया असतेच. प्रश्न हेतूचा नाही. नियम कोणाला गृहीत धरून बनवला, हा आहे.

तारखा पाहा. परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत निकालाआधीच संपली. बारावीचा निकाल लागला २१ मे रोजी. परीक्षा झाली मेअखेर. म्हणजे निकाल हाती येण्यापूर्वीच पुढच्या तीन वर्षांचा निर्णय घेऊन, शुल्क भरून मोकळे व्हायचे होते. ज्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत, तिथे हे जेवणाच्या ताटावर ठरते. आमच्या घरात निकाल लागल्यावरच विचार सुरू होतो : पोरगी पास झाली का, एस.टी.चा पास किती, शिकवायचे की लग्नाचे बघायचे? निकालाआधी शिक्षणावर पैसे घालणे हा अशा घरात जुगार वाटतो. अज्ञान हे त्याचे कारण नव्हे. हातात एकच नोट असलेला माणूस असाच हिशेब करतो.

आता परीक्षा पाहा. संगणकावर घेतलेली, इंग्रजी माध्यमाची. इंग्रजी भाषा, तर्कक्षमता, सामान्यज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती. मराठी माध्यमातून वाणिज्य किंवा कला शाखेत बारावी झालेल्या मुलाने दोन वर्षे जे अभ्यासले, त्यातले इंग्रजीखेरीज जवळजवळ काहीच तिथे विचारले जात नाही. जे विचारले जाते, ते घरातून किंवा क्लासमधून येते. घराची परीक्षा घ्यायची आणि निकाल मुलाच्या नावावर लावायचा, याला आपण गुणवत्ता म्हणतो.

तिसरी गोष्ट कागदांची. केंद्रीय प्रक्रियेतील राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही. जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि सर्वांत पक्का पुरावा मानला जातो तो शाळेच्या दाखल्याचा. ज्याच्या आजोबाला शाळेतच घेतले नाही, त्याने आजोबाच्या शाळेचा दाखला आणायचा! माझ्या स्वतःच्या पडताळणीच्या वेळी आम्ही चुलत आजोबांच्या नावाची एक नोंद शोधत तीन गावे पालथी घातली होती. सरकार मधूनमधून मुदतवाढ देते. पण मुदतवाढ मिळाली आहे, हे कळायलाही कोणीतरी जवळचे लागते.

परिणाम काय झाला? २०२४ मध्ये जागा भरपूर आणि परीक्षार्थी थोडे, अशी स्थिती आली. ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली, तरी जागा रिकाम्या राहिल्याच. मुंबईत अनेक महाविद्यालयांनी बी.एम.एस.चे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केले आणि परीक्षेच्या अटीतून सुटका करून घेतली. संस्थेला नाव बदलता येते. विद्यार्थ्याला आपले घर बदलता येत नाही.

मी २००७ साली प्रवेश घेतला, तेव्हा गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला एवढे तीन कागद पिशवीत होते. वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला जळण घालत. एका दिवसाचा रोज बुडवून ते माझ्याबरोबर आले, आणि त्या एका दिवसात माझा प्रवेश झाला. आज तेवढ्या कामाला किती रोज बुडतात, याचा हिशेब कोणत्याही समितीच्या अहवालात मी वाचलेला नाही.

आपण कोल्हापुरात आहोत, म्हणून एक आठवण करून देतो. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. पण आदेश काढून ते थांबले नाहीत. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहे उभी केली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश निघाला. जागा राखून भागत नाही, मूल त्या जागेपर्यंत पोचले पाहिजे, हे त्यांना उमगले होते. आजचा नियमकर्ता जागा राखतो आणि वाट लांबवतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. अर्जाची मुदत बारावीच्या निकालानंतरही खुली ठेवा. प्रश्नपत्रिका मराठीतही द्या. पडताळणीच्या कागदांसाठी प्रवेश अडवू नका. आणि मागण्या मान्य होईपर्यंत आपण काय करायचे? कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी जानेवारीपासून कनिष्ठ महाविद्यालयांत आणि वस्त्यांत बसून अर्ज भरून द्यायचे. आंदोलनाला जेवढे महत्त्व देतो, तेवढेच या कारकुनी कामाला द्यायला हवे.

गुणवत्ता यादी लागते, प्रतीक्षा यादी लागते. ज्यांचा अर्जच आला नाही, त्यांची यादी कोणी लावत नाही. ती मुलगी शेवटी बी.कॉम.ला गेली. ऑगस्टच्या परीक्षेचे मी तिला कळवले होते. वडिलांनी फोनवर सांगितले, ‘‘आता एका ठिकाणी पैसे भरलेत, सर.’’ नाकारल्याची नोंद तिच्या बाबतीत कुठेच झालेली नाही. ती नोंद आता आपण ठेवायची आहे.