माझे मलाच विचारा

माझ्याशी बोलायचे असले म्हणजे लोक माझ्या आईशी बोलतात! ‘हिला चहात साखर किती लागते हो?’ असे पाहुणे आईला विचारतात, आणि मी तेथेच, हाताच्या अंतरावर बसलेली असते. डोळे नाहीत म्हणजे कानही नाहीत, जीभही नाही आणि स्वतःचे मतही नाही, अशी काहीशी समजूत दिसते. मी जालन्याची, वय वर्षे सव्वीस, जन्मापासून अंध. एका कचेरीत कारकून आहे. माझ्या दिनक्रमात अद्भुत असे काहीच नाही, आणि नेमके तेच मला सांगायचे आहे.

स्वयंपाकापासूनच सुरुवात करते, कारण सर्वांना धास्ती त्याचीच. शेगडी पेटवण्याआधी भांडे तिच्यावर नीट मधोमध ठेवायचे, मग लायटर ओढायचा. मीठ गोल डब्यात, साखर चौकोनी डब्यात. तेल तापले की नाही, हे मोहरीचा एक दाणा सांगतो. दिवाळीची चकली तर फारच सोपी; कढईतला सळसळाट मंदावला की समजावे, तिच्यातले पाणी आटले. माझी आजीही पाठमोरी बसून हेच ऐकत असे. तिला मात्र कोणी कधी शाबासकी दिली नाही. माझा हात दोनदा भाजला, हे खरे. पण हात न भाजता शिकलेली सुगरण मला दाखवा!

घराबाहेर पडले की पांढरी काठी पुढे. पुढचे पाऊल जेथे पडायचे ती जागा काठी आधीच चाचपून घेते. आमचे गाव कुंडलिका नदीने दोन भागांत विभागलेले आहे, जुना जालना आणि नवा जालना. मोंढा जवळ आला हे धान्याच्या पोत्यांच्या वासावरून कळते, मोसंबीची गाडी तर दुरूनच ओळखू येते. अडचण होते ती पादचाऱ्यांच्या वाटेत उभ्या केलेल्या मोटारसायकलींची, आणि आवाज न करता अंगावर येणाऱ्या विजेवरच्या रिक्षांची. दिवाळीचे चार दिवस तर फारच कठीण. तुम्हाला जसे दाट धुके, तसे मला फटाके. सारा रस्ताच त्यांत हरवून जातो.

पैशांचे काय, असे आपण विचाराल. हल्लीच्या नोटांची लांबी वेगवेगळी आहे. पन्नासाची १३५ मिलिमीटर, शंभराची १४२, पाचशेची १५०. शंभर आणि त्यापुढच्या नोटांच्या कडांवर उठावाच्या रेघाही असतात. शिवाय रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाची सोय काढली. मोबाइल नोटेसमोर धरला की तो किंमत बोलून दाखवतो.

नोट ओळखता येते, पण ती ठेवायची कोठे? पहिला पगार होताच मी एका बँकेत गेले. ‘वडिलांना घेऊन या, दोघांच्या नावे खाते काढू; एटीएमचे कार्ड मात्र देता येणार नाही,’ असे उत्तर मिळाले. वस्तुतः अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर यांपैकी काहीही अंधत्वामुळे नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच सर्व बँकांना कळवले आहे. ते परिपत्रक मी मोबाइलकडून वाचून घेतले होते. ते पुढे ठेवले, आणि कार्ड मिळाले.

खरी परीक्षा घरी होती. ‘कार्ड माझ्याकडे दे, सुरक्षित राहील,’ बाबा म्हणाले. त्यांच्या मनात लोभ नव्हता, माया होती. आणि मायेला नाही म्हणणे बँकेशी भांडण्यापेक्षा अवघड. मी म्हटले, ‘बाबा, दादाचे कार्ड तुम्ही कधी मागितले होते?’ बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आईच म्हणाली, ‘आम्ही नसल्यावर हिचे कसे होईल, हा घोर मला लागला आहे.’ मी म्हटले, ‘म्हणूनच तर आई, तुम्ही असतानाच मला शिकू द्या.’ कार्ड माझ्याजवळ राहिले. पहिले दोन महिने बाबा बँकेच्या दारापर्यंत येत; तिसऱ्या महिन्यात आले नाहीत.

ही वाट माझ्याआधी पुष्कळांनी तुडवली आहे. मुंबईत ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली ती १९०० साली. ती आज दादरची कमला मेहता शाळा. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील तेथेच शिकल्या. २०१६ साली त्या लोकसेवा आयोगाची परीक्षा ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, तरी अंधत्वामुळे त्यांना रेल्वेची नेमणूक मिळाली नाही. त्या पुन्हा बसल्या, २०१७ साली १२४ वा क्रमांक मिळवला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. सगळ्यांनाच कलेक्टर व्हायचे नसते; मला एवढेच हवे की माझ्या महिन्याच्या हिशेबाची वही माझ्या हाती असावी.

आपल्या ओळखीत एखादी अंध मुलगी असेल, तर रस्त्यावर तिचा दंड धरून ओढू नका. ‘मदत हवी का?’ असे आधी विचारा. ती ‘हो’ म्हणाली तर आपला कोपर पुढे करा. तो धरून ती अर्धे पाऊल मागे चालेल. ती ‘नको’ म्हणाली, तर राग मानू नका. आणि ती आपलीच लेक असेल, तर यंदा फराळाच्या वेळी तिला पाटावर बसवून ठेवू नका; सोऱ्या तिच्या हाती द्या. पहिला घाणा बिघडेल कदाचित. तो घरच्यांनी मुकाट्याने खावा!