वजन मुलाचे, बदल घरादाराचा

दवाखान्यात येणाऱ्या आयांची वर्षानुवर्षे एकच तक्रार असायची, “डॉक्टर, हा काही खातच नाही.” ती तक्रार अजूनही बंद झालेली नाही. पण अलीकडे तिच्या जोडीला एक नवी मागणी येऊ लागली आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुढे करून आई म्हणते, “याला जरा डाएट लिहून द्या. भात बंद करू का? रात्रीचं जेवण बंद केलं तर चालेल?” मूल बिचारे खाली मान घालून उभे असते. या मागणीला माझे उत्तर ठरलेले आहे. वाढत्या वयाच्या मुलाला मी डाएट लिहून देत नाही. का देत नाही, आणि मग करायचे काय, हे आज पाहू.

मुळात मूल खरोखरच जाड आहे का, हे आधी तपासावे. शेजारणीने काही म्हटले किंवा गेल्या वर्षीचा गणवेश आवळू लागला, एवढ्यावरून ते ठरत नाही. मोठ्या माणसांचे बीएमआयचे आकडे मुलांना लावू नयेत. मुलांचे आकडे वयाप्रमाणे बदलत जातात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलामुलींसाठी वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. बालरोगतज्ज्ञांकडे त्यावर मुलाची नोंद करून मिळते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एक सोपी युक्ती आहे. मुलाच्या उंचीइतका दोरा कापा, तो दुमडून निम्मा करा आणि बरगड्यांच्या खाली, कमरेच्या हाडाच्या वर पोटाभोवती गुंडाळा. सहा वर्षांवरील मुलाच्या पोटाभोवती निम्मा दोरा पुरला तर सहसा काळजीचे कारण नसते. टोके जुळत नसतील तर वजन-उंची नीट मोजून घ्यावी.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या देशात कृश मुलांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांची सुमारे २३ टक्के मुले कृश आढळली होती, तर जादा वजनाची सुमारे ४ टक्के. तेव्हा टीव्हीवरच्या नट-नट्यांकडे पाहून चांगल्या अंगाच्या मुलाच्या ताटातला भात काढून घेणे हा शुद्ध अविचार आहे.

पण दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे ‘गुटगुटीत’ हा शब्द कौतुकाचा. सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस कोणत्या बाळाला मिळते, हे काही वेगळे सांगायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये माता आणि बालके यांचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. गंमत अशी की, आपली बाळे हातापायांनी काटकुळी असली तरी त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त, अशी ही ठेवण आहे. अशा बाळावर पुढे शाळेच्या वयात चरबीची आणखी भर पडली तर मधुमेहाला लवकर आमंत्रण मिळते. म्हणून वाढते वजन दुर्लक्षून चालणार नाही. आणि नेमके याच कारणासाठी मुलाला उपाशीही ठेवू नये. उपासमारीत नुसती चरबी झडत नाही, स्नायूही झिजतात. जे आधीच तुटपुंजे आहे तेच आपण घालवून बसतो.

मोठ्या माणसाला वजन उतरवावेच लागते, कारण त्याची उंची काही वाढणार नसते. मुलाचे तसे नाही. सहा ते दहा या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. समजा, दहा वर्षांचा मुलगा १३८ सेंटीमीटर उंच आणि ४२ किलो वजनाचा आहे. त्याचा बीएमआय २२ येतो. वर्षभर वजन ४२ वरच राहिले आणि उंची १४३ झाली, तर तोच आकडा साडेवीसवर येतो. एक किलोही न घटवता! बहुतेक मुलांना एवढेच पुरते. वजन फारच जास्त असेल, तर मात्र पुढचे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरवावे.

वर्षा-दीड वर्षापूर्वीची एक गोष्ट सांगतो. सहावीतली मुलगी. घरात लग्न निघाले होते आणि कोणा नातलग बाईंनी सगळ्यांदेखत तिच्या अंगावरून टोमणा मारला. दुसऱ्या दिवसापासून घरच्यांनी ‘डाएट’ सुरू केले. सकाळी लिंबू-मधाचे पाणी, भात-बटाटा बंद, रात्री नुसती काकडी. वडील दर रविवारी तिला काट्यावर उभे करीत. तीन आठवड्यांनी शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली. आई तिला घेऊन आली ती वेगळीच तक्रार घेऊन, “डॉक्टर, ही चोरून खाते.” दप्तराच्या तळाशी बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले होते. दिवसभर उपाशी असलेल्या अकरा वर्षांच्या पोरीने दुसरे काय करावे? मी तिला बाहेर बसवून आईवडिलांशी अर्धा तास बोललो. काटा माळ्यावर गेला. बंद केलेला भात ताटात परत आला. पुढचे बदल घरातल्या सगळ्यांसाठी होते, तिच्या एकटीसाठी एकही नाही. चौदा महिन्यांनी तिची उंची १४२ वरून १४९ झाली आणि वजन ५१ वरून फक्त ५२. या भानगडीत वडिलांनी स्वतःची रक्तशर्करा तपासून घेतली, ती वाढलेली निघाली, हा आणखी एक फायदा.

हा एका घरातला प्रकार नाही. अमेरिकेत मिनेसोटा येथे किशोरवयीन मुलांची पाच वर्षे पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. डाएट करणाऱ्या मुलांमध्येच पुढे जादा वजनाचे आणि बेबंद खाण्याचे प्रमाण अधिक दिसले. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१६ मध्ये सल्ला दिला की, किशोरांना डाएटला लावू नये, घरात वजनाची चर्चा आणि चेष्टा नको, त्यापेक्षा सर्वांनी मिळून जेवावे.

मग पालकांनी करायचे काय? एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात कामाची एक वाटणी सांगितली, ती मला फार पटते. काय शिजवायचे, केव्हा आणि कुठे जेवायला बसायचे, हे आईवडिलांनी ठरवावे. त्यातले किती खायचे, हे मुलाने ठरवावे. आपल्याकडे बरोबर उलटे चालते. काय हवे ते मूल सांगते, “मॅगी कर,” आणि किती खायचे ते आपण ठरवतो, “ताटात एक शीत उरता कामा नये!” आजी मागे लागून चिऊकाऊचे घास भरवायची. आता काऊच्या जागी मोबाइल आला. त्याच्याकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला आपले पोट भरले हे कळतच नाही. २००० साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांपुढे मोठे ताट ठेवले तरी ती भुकेपुरतेच खात, पाच वर्षांची मुले मात्र वाढलेले जास्त असेल तर जास्त खात, असे दिसले. पोटाचे ऐकण्याची जात्याच असलेली सवय अशी मोडते. अन्न टाकू नये हे खरेच. त्यासाठी पहिल्यांदा वाढतानाच थोडे वाढावे आणि मागितले की पुन्हा वाढावे. पाहुण्यांसमोर “आता बस झाल्या हं पोळ्या” असे म्हणू नये.

खरी मेख आहे ती संध्याकाळी चार ते सहाच्या वेळेत. मूल शाळेतून कडाडून भुकेले येते. जेवणाला अवकाश असतो, आई कामावर किंवा कामात असते आणि ओट्यावर फरसाणाचा डबा असतो. शेव, खारी, टोस्ट, बिस्किटे, वेफर्स यांवर मूल तुटून पडते. यांत मैदा, तेल, मीठ, साखर हेच जास्त. पोट भरल्यासारखे वाटते आणि तासाभरात पुन्हा रिकामे. रात्रीच्या भाजी-भाकरीला मग कोण विचारतो? यावर उपाय एकच. त्या वेळी पोटभरीचे काहीतरी तयार हवे. सकाळी भिजवलेल्या मटकीची उसळ, ज्वारी-बेसनाचे धिरडे, कांदा-कोथिंबीर घातलेले थालीपीठ आणि दही, मटार-गाजर घालून केलेले पोहे, उकडलेले अंडे, मोसमात उकडलेल्या शेंगा किंवा मक्याचे कणीस. अगदीच वेळ नसेल तर फुटाणे-शेंगदाणे आणि एक पेरू. बाजारात सफरचंदाच्या निम्म्या भावात पेरू मिळतो आणि क जीवनसत्त्व त्यात कितीतरी जास्त असते, पण आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदच नेतो! असो.

फरसाणाचा डबा वरच्या फळीवर ठेवून “हात लावायचा नाही” असे बजावले तर काम होत नाही. पेनसिल्व्हेनियातील संशोधक लीन बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले की, समोर दिसणाऱ्या पण मनाई असलेल्या खाऊकडे मुलांचे लक्ष अधिकच जाते. तेव्हा महिन्याच्या किराण्याच्या यादीतूनच तो पदार्थ कमी करावा. कधीमधी आणला तर सर्वांनी मिळून, लपवाछपवी न करता खावा. दिवाळीची चकली आणि होळीची पुरणपोळी यांनी कोणी लठ्ठ होत नाही. “भाजी संपवलीस तर चॉकलेट” हे आमिष तर नकोच. त्यातून मूल एवढेच शिकते की, भाजी ही शिक्षा आहे.

साखरेबद्दल थोडे कडक बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. दिवसाला सुमारे १६०० उष्मांक लागणाऱ्या मुलाला हे ४० ग्रॅम होतात, आणि चांगल्या हिशेबाने २०. तीनशे मिलिलिटर कोल्ड्रिंकच्या एका बाटलीतच ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा चमचे! दुधात घालण्याच्या चॉकलेटी पुडींवरचा बारीक छापही वाचावा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितले. साधे दूध, ताक, उन्हाळ्यात कमी साखरेचे पन्हे एवढे मुलाला पुरेसे आहे. तहानेला पाणी.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जादा चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला आहे. पालक सभेत हा विषय जरूर काढावा. खेळाचे म्हणाल तर रोज तासभर दम लागेल असा खेळ हवा: लगोरी, खो-खो, सायकल, काहीही. क्लासच्या वेळा सांभाळताना हा तास प्रथम कापला जातो. झोपही सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ तासांहून कमी नको. आणि ‘जाड्या’, ‘ढोल्या’ ही लाडाची नावे आजपासून बंद. मुलाला ती लाडाची वाटत नाहीत.

काही खुणा मात्र दिसल्या तर घरचे प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा दिसतो. अनेक आया तो मळ समजून डाळीच्या पिठाने घासतात आणि पोरीची मान सोलून निघते. तो मळ नव्हे. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. झोपेत जोराने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे, एकाएकी तहान व लघवी वाढणे, वारंवार डोके दुखून अंधुक दिसणे, वयात आलेल्या मुलीची पाळी महिनोन्महिने लांबणे, हेही अंगावर काढू नये. जादा खाण्याने जाड झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते. वजन वाढते आहे आणि उंची मात्र थांबली आहे असे दिसले, तर थायरॉइड किंवा इतर ग्रंथींचा दोष नाही ना, हे पाहावे लागते. म्हणून तपासणीला येताना लसीकरणाचे जुने कार्ड आणि शाळेची आधीच्या वर्षांची प्रगतिपुस्तके सोबत आणावीत. त्यांत उंची-वजनाच्या नोंदी असतात.