मोरीवरच्या बाईने कंपनीला वाकवले

कपडे धुण्यासाठी आमच्या आयाबायांजवळ काय असे? पिवळ्या साबणाची वडी, धुण्याचा सोडा आणि मनगटातला जोर. सर्फ पावडर १९५९ साली आली खरी, पण ती साहेबांच्या घरची वस्तू. हिंदुस्थान लिव्हरच्या हिशेबात आम्ही पावडरीचे गिऱ्हाईक नव्हतोच. ज्याला परवडत नाही त्याला वस्तू नकोच आहे, असा सोयीचा अर्थ मोठ्या कंपन्या लावतात.

गुजरात सरकारच्या खात्यात केमिस्ट असलेल्या करसनभाई पटेलांनी तो अर्थ खोटा ठरवला. १९६९ साली अहमदाबादेत घरीच पावडर कालवून ते सायकलवरून दारोदार विकू लागले. भाव किलोला साडेतीन रुपयांच्या आसपास. सर्फ तिच्या तीन-चार पट महाग! मुलगी निरुपमा, म्हणून पावडर निरमा. तिला सुवास नव्हता, हाताची आगही होई. तरी बाया दुकानात तीच मागू लागल्या.

१९८० च्या दशकात निरमा खपात सर्फच्या पुढे गेली. आधी लिव्हरने जाहिरातीतल्या ललिताजींकडून स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक समजावून पाहिला. महिनाअखेरीस नाणी मोजणाऱ्या बाईला हा फरक कोणी शिकवायला हवा होता का? शेवटी १९८७ साली कंपनीने स्वस्तातली व्हील काढली. नुसते पुडके बदलून भागले नाही. कमी खर्चात माल कसा तयार करावा, खेड्यातल्या लहान दुकानापर्यंत तो कसा पोचवावा, सगळेच नव्याने मांडावे लागले. शिवाय बायांच्या हाताची आग तिने ध्यानात घेतली आणि व्हील हाताला सौम्य असल्याचे सांगून विकली.

निरम्याची अडचण वेगळी होती. भाव वाढवला की गिऱ्हाईक जाणार. मग कच्चा माल तरी आपल्या हाती हवा, म्हणून तिने पावडरीला लागणारा सोडा ॲश स्वतःच करायला घेतला. अंगाचे साबणही काढले. २००७ साली तर थेट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली सोडा ॲश करणारी कंपनी विकत घेतली.

पुढे सिमेंट आले, २०१६ साली लाफार्ज इंडियाही घेतली. पण सिमेंट काही मोरीवरच्या बाईने मागितले नव्हते. तो मालकाच्या गल्ल्याचा हिशेब. पुडक्यावर मात्र पांढऱ्या फ्रॉकातली ती मुलगी अजून गिरकी घेतेच आहे.