घरगुती नळांचे सांधे : जोडणी व गळतीपासून बचाव

खेड्यापाड्यांतून नळाचे पाणी आता घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊ लागले आहे. दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाणी प्रत्येक ग्रामीण घरास नळाने मिळावे, या हेतूने जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली आणि तेव्हापासून अनेक गावांत घरोघर नळजोडण्या देण्यात आल्या. परंतु योजनेचे पाणी दारी आल्यानंतर ते स्वयंपाकघर, न्हाणीघर, गोठा व परसबाग येथपर्यंत नेणारी नळी बहुतेक ठिकाणी घरमालकच बसवून घेतो. हे काम वरवर सोपे दिसते. नळी चांगली घेतली म्हणजे काम चांगले झाले, असा समजही आढळतो. वस्तुतः नळी क्वचितच गळते. गळतो तो सांधा. म्हणून सांधा कशाने बंद होतो व तो कसा करावा, याची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

गळतीचे दुहेरी नुकसान

सांध्यातून सेकंदाला एक थेंब पाणी गळत असेल तर दिवसाकाठी ८६,४०० थेंब वाया जातात. साधारण २० थेंबांचे एक मिलिलिटर धरल्यास हे पाणी दिवसाला सुमारे ४.३ लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे १३० लिटर होते. आळीत असे तेरा सांधे गळत असले की एका माणसाच्या वाट्याचे दिवसाचे सर्व पाणी मातीत जिरले असे समजावे.

तथापि यापेक्षा मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी दिवसातून ठरावीक वेळच सोडले जाते. पाणी चालू असताना नळीत दाब असतो व सांध्यातून पाणी बाहेर येते. पाणी बंद झाले की नळीतील उरलेले पाणी सखल भागातील तोट्यांकडे ओसरते, नळीत पोकळी निर्माण होते आणि ज्या फटीतून सकाळी पाणी बाहेर येत होते, त्याच फटीतून भोवतालचे पाणी आत ओढले जाते. सांधा गटारात, उकिरड्यालगत किंवा शोषखड्ड्याजवळ असेल तर ही घाण दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या घागरीबरोबर घरात येते. नळास थेट विजेचा पंप लावून पाणी ओढण्याच्या प्रकाराने हा धोका आणखी वाढतो. पावसाळ्यात जुलाब, विषमज्वर व कावीळ यांच्या साथी पसरण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. टाकीत जंतुनाशक घालूनही साथ का आटोपत नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा गटारात बुडालेल्या एखाद्या सांध्यात सापडते.

लोखंडी नळीचा आट्यांचा सांधा

जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी (जी. आय. पाइप) आट्यांनी जोडतात. या नळीवर हलक्या प्रतीसाठी पिवळा, मध्यम प्रतीसाठी निळा व जड प्रतीसाठी तांबडा पट्टा असतो. हलक्या प्रतीच्या नळीची जाडी कमी असल्याने आटे पाडल्यावर तेथे फारच पातळ पत्रा उरतो; म्हणून जमिनीत पुरावयाच्या नळीसाठी निदान मध्यम प्रत घेणे इष्ट.

नळीच्या टोकावरील आटे सरळ नसून निमुळते असतात. दर १६ मि.मी. लांबीस व्यास १ मि.मी.ने वाढत जातो. त्यामुळे नळी सॉकेटमध्ये जसजशी फिरत जाते तसतशी ती पाचरीप्रमाणे घट्ट बसते. तरीसुद्धा आट्यांच्या शेंड्यांत व तळांत बारीकशी नागमोडी वाट शिल्लक राहते. ही वाट बुजविणे एवढेच टेपचे किंवा तागाचे काम आहे. सांध्यास बळकटी आट्यांमुळे येते, टेपमुळे नव्हे. आटे झिजलेले किंवा तुटलेले असतील तर कितीही टेप गुंडाळली तरी सांधा टिकणार नाही.

काम पुढील क्रमाने करावे :

१. नळी करवतीने काटकोनात कापावी. डायने आटे पाडताना तेल सोडीत जावे. आतील कोर गोल कानशीने काढून टाकावी. ती राहिल्यास पाण्याचा मार्ग अरुंद होतो व तेथे कचरा अडकतो.

२. आटे ताराच्या ब्रशाने व कोरड्या फडक्याने पुसावेत. तेल किंवा लोखंडाचा कीस राहू देऊ नये.

३. नळीचे टोक आपल्या तोंडाकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळावी. उलट दिशेने गुंडाळल्यास सांधा फिरविताना टेप उलगडून गोळा होते. अर्ध्या इंची नळीस पाच-सहा वेढे साधारणतः पुरतात. टेप फार पातळ असल्यास अधिक द्यावेत. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे टेपचे तुकडे नळीत जाऊन तोटीत अडकणार नाहीत.

४. टेपऐवजी ताग वापरावयाचा असल्यास आटे करवतीच्या पात्याने किंचित खरबरीत करावेत, तागाचे मोजकेच तंतू विंचरून त्याच दिशेने आट्यांच्या खाचांत बसवावेत व वर सांध्याच्या लेपाचा पातळ थर द्यावा. ताग पाण्याने फुगतो व फट भरून काढतो. तो जास्त भरल्यास मात्र सॉकेटला चीर जाते.

५. सांधा प्रथम हाताने व नंतर पाइप पान्याने आवळावा. दोन-तीन आटे बाहेर दिसत राहिले पाहिजेत. आवळून झाल्यावर नळीचा कोन जुळविण्यासाठी ती मागे फिरवू नये. मागे फिरविलेला सांधा गळतोच; तो पूर्ण उघडून, पुसून, नव्याने करावा.

जुन्या पद्धतीत तागावर सफेदा लावीत. सफेद्याच्या काही प्रकारांत शिसे असते व शिसे हे विष आहे; मुलांच्या मेंदूवर त्याचा दुष्परिणाम होतो. पिण्याच्या पाण्याच्या नळीस रंगकामाचा सफेदा लावू नये. पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असल्याची नोंद डब्यावर असलेला लेपच वापरावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आटे पाडताना जस्ताचा मुलामा निघून जातो व तेथूनच गंज चढू लागतो. यासाठी बाहेर राहिलेल्या आट्यांवर सांधा कोरडा असताना गंजरोधक रंगाचा हात द्यावा.

युनियन व वॉशरचा सांधा

युनियनच्या मोठ्या नटाच्या आट्यांवर टेप गुंडाळण्याची चाल सर्वत्र दिसते. ती निरुपयोगी आहे. तेथे पाणी अडते ते आतील दोन बैठका एकमेकींवर घट्ट बसल्याने किंवा त्यांमधील वॉशरने. युनियन गळत असेल तर बैठक पुसून पाहावी, वॉशर बदलावा आणि दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत की नाहीत हे तपासावे. लवचिक जोडनळीच्या टोकाच्या नटासही हाच नियम लागू आहे.

पी. व्ही. सी. नळीचा सांधा

पी. व्ही. सी. नळी 'सोल्युशन'ने जोडतात. हे सोल्युशन म्हणजे डिंक किंवा सरस नव्हे. ते नळीचा व सॉकेटचा पृष्ठभाग विरघळविते. दोन्ही मऊ थर एकमेकांत मिसळतात आणि त्यातील द्रव उडून गेल्यावर दोहोंचे मिळून एकच अंग बनते. यावरून दोन गोष्टी उघड होतात. पृष्ठभागावर पाणी, माती किंवा तेल असल्यास हे मिलन होत नाही. आणि द्रव उडून जाण्यास पुरेसा अवधी न दिल्यास सांधा कच्चा राहतो.

नळी काटकोनात कापून आतील-बाहेरील कोर काढावी व बाहेरची कड कानशीने किंचित उतरती करावी. नळी कोरडीच सॉकेटमध्ये घालून पाहावी. ती एकतृतीयांश ते दोनतृतीयांश खोलीपर्यंत सहज जाऊन पुढे अडली पाहिजे. सैल पडणारी नळी सोल्युशनच्या भरवशावर जोडू नये. सॉकेटच्या खोलीएवढी खूण नळीवर करावी. दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसून सॉकेटमध्ये पातळ व नळीवर जरा भरपूर थर ब्रशाने सर्व बाजूंनी द्यावा. लगेच नळी पाव फेरा फिरवीत खुणेपर्यंत दाबावी व अर्धा मिनिट तशीच धरून ठेवावी, कारण सॉकेट निमुळते असल्याने नळी मागे सरकू पाहते. बाहेर आलेले सोल्युशन पुसून घ्यावे. पंधरा मिनिटे सांधा हलवू नये आणि पाण्याचा दाब चोवीस तासांनंतरच द्यावा.

सोल्युशनची वाफ ज्वालाग्राही व डोके जड करणारी असते. काम मोकळ्या हवेत करावे. जवळ चूल, दिवा किंवा पेटती विडी असू नये. डब्याचे झाकण लगेच लावावे. घट्ट झालेले सोल्युशन पातळ करून वापरू नये. ते टाकून द्यावे.

शेतात पाइपाचे तोंड जाळावर धरून फुगवितात व दुसरा पाइप त्यात ठोकतात. ही रीत घरगुती नळासाठी सर्वस्वी त्याज्य होय. फुगविलेल्या ठिकाणी नळी पातळ व वेडीवाकडी होते, आणि पी. व्ही. सी. जळाल्यास निघणारा आम्लयुक्त धूर फुप्फुसास अपायकारक असतो. त्याचप्रमाणे शेतातील ओलितासाठी घेतलेल्या कमी दाबाच्या नळीचे उरलेले तुकडे घरात वापरू नयेत. नळीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, बाहेरील व्यास व दाबाचा वर्ग छापलेला असतो. तो वाचूनच खरेदी करावी. १० मीटर उंचीच्या टाकीमुळे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब पडतो. तोटी एकदम बंद केल्यास बसणारा धक्का याहून बराच अधिक असतो.

पी. व्ही. सी. नळी उष्णतेने वाढते. तापमान २० अंशांनी चढल्यास ६ मीटरची नळी सुमारे ८ मि.मी. लांबते. दोन्ही टोके सिमेंटमध्ये जखडलेली असल्यास हा ताण सांध्यावर येतो. म्हणून भिंतीवरील पट्ट्यांत नळीस सरकण्यापुरती मोकळीक द्यावी. उन्हाने ती कालांतराने ठिसूळ होते. उघड्यावरील नळीस फिका रंग द्यावा किंवा ती पुरावी. गरम पाण्यासाठी साधी पी. व्ही. सी. नळी चालत नाही, तेथे सी. पी. व्ही. सी. नळी व तिच्यासाठीचेच सोल्युशन वापरावे.

पॉलिथीनची नळी

योजनेच्या मुख्य नळापासून घरापर्यंत पुष्कळ ठिकाणी काळी किंवा निळी, वेटोळ्यात मिळणारी पॉलिथीनची नळी वापरतात. या नळीवर सोल्युशन मुळीच पकड घेत नाही. तिचा सांधा तापवून एकजीव करण्याच्या यंत्राने किंवा नट, पकडकडी व रबरी कडी असलेल्या दाबजोडाने करतात. दाबजोडात नळी सरळ कापून, रबरी कडीच्या पलीकडे पूर्ण खोलीपर्यंत घालणे महत्त्वाचे. अर्धवट घातलेली नळी पहिल्या दिवशी गळत नाही. काही दिवसांनी दाबाने निसटते.

लोखंड व प्लॅस्टिक यांचा संयोग

प्लॅस्टिकच्या आतील आट्यांत लोखंडी नळी आवळल्यास निमुळते आटे पाचरीचे काम करतात व प्लॅस्टिक उभे चिरते. म्हणून शक्य तेथे प्लॅस्टिकचे बाहेरील आटे लोखंडी सॉकेटमध्ये बसवावेत. तोटीसाठी पितळी आटे बसविलेला एल्बो घ्यावा. असा सांधा टेप लावून हाताने घट्ट करावा व पान्याने एक-दोन फेरेच द्यावेत. साध्या पी. व्ही. सी. नळीवर डायने आटे पाडू नयेत.

चाचणी व तात्पुरता इलाज

चर बुजविण्यापूर्वी चाचणी घ्यावी. सर्वांत दूरची तोटी उघडी ठेवून नळीत पाणी हळूहळू सोडावे, म्हणजे हवा निघून जाईल. नंतर तोट्या बंद करून दाब निदान तासभर राहू द्यावा व प्रत्येक सांध्यास कोरडा कागद लावून पाहावा. कागद ओला झाल्यास सांधा नव्याने करावा. नळी गटार ओलांडीत असल्यास तिला मोठ्या नळीच्या आवरणातून गटाराच्या वरून न्यावे, व त्या टप्प्यात सांधा घेऊ नये.

सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा मळून लावण्याची लांबी हा पाहुण्यासारखा इलाज समजावा. त्याने दोन दिवस निभावतात, वर्ष नव्हे. ओल्या नळीवर लावलेली लांबी बाहेर जाणारे पाणी काही काळ अडविते, परंतु आत येणारी घाण रोखण्याचा भरवसा देत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

जलसुरक्षकांनी क्लोरीनची तपासणी केवळ टाकीजवळ न करता शेवटच्या घराच्या तोटीवरही करावी. तेथे दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. टाकीजवळ क्लोरीन आढळते व शेवटच्या तोटीवर आढळत नाही, असे दिसल्यास मधल्या नळीत घाण शिरत असण्याचा संशय घ्यावा व गटारालगतचे सांधे प्रथम उघडून पाहावेत. पावसाळ्यापूर्वी एकदा, पाणी चालू असताना, प्रत्येक आळीतून फेरी मारून ओल्या जागांची नोंद करावी. दुरुस्ती झाल्यावर पहिले पाणी काही वेळ वाहू द्यावे व मगच भरावे. ते पाणी परसबागेस घालता येते.

चांगल्या सांध्यास लागणारी टेप, सोल्युशन व अर्ध्या तासाची काळजी यांचा खर्च आजारपणातील एका दिवसाच्या बुडालेल्या मजुरीहून अधिक नाही. शेतकरी बंधूंनी आपल्या घरचे व गोठ्याचे सांधे या पावसाळ्यापूर्वीच तपासून घ्यावेत, आणि जो सांधा गटारात बुडालेला आढळेल तो सर्वांत आधी दुरुस्त करावा.